डाव्या बाजूची वायर

आमच्या परतूरच्या घरात पुढच्या खोलीला दारं दोन होती आणि विजेचा प्लग एकच. पुढची कितीतरी वर्षं घरात जी कटकट चालली तिचं मूळ त्या प्लगात आहे, असं आम्ही सगळेच समजत होतो.

यजमान जनावरांचे डॉक्टर. सरकारी दवाखाना, आणि दवाखान्यापेक्षा जास्त वेळ आजूबाजूच्या खेड्यांतल्या गोठ्यांत. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मुलगी शिकायला औरंगाबादला माझ्या थोरल्या बहिणीकडे होती, त्यामुळे घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. यजमानांना गाण्याचं भारी वेड. गाता येत नव्हतं, काही वाजवता येत नव्हतं, पण ऐकायला बसले की समोर वाढलेलं ताट निवून जायचं. बरीच वर्षं एका जुन्या टेपरेकॉर्डरवर भागवलं आणि नव्वद सालाच्या पुढेमागे एकदाचा मोठा स्टिरिओ घेतला. अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेटचा डेक आणि कमरेएवढे दोन स्पीकर. जालन्याहून टेम्पोतून ते उतरवले तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "नवी कपाटं आणली का?"

प्लग उजव्या कोपऱ्यात, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरही उजव्या कोपऱ्यात. उजवा स्पीकर त्याला खेटून आणि डावा पार दुसऱ्या भिंतीपाशी. डाव्यापर्यंत वायर न्यायची तर मधल्या दाराच्या चौकटीवरून वळसा घालावा लागे. यजमानांनी घरात पडलेली, बल्बला लावतात तसली दुपदरी वायर घेतली, भिंतीला खिळे ठोकले आणि आम्ही ऐकायला बसलो. मला तर गाणारी बाई आमच्या दिवाणावर येऊन बसल्यासारखी वाटली. यजमान मात्र मान कलती करून बसले होते.

"डावी बाजू दबल्यासारखी वाटून राह्यली," ते म्हणाले.

"मला न्हाई वाटत."

"नीट ऐक."

मी नीट ऐकलं. दोन्ही बाजू सारख्याच होत्या. तसं सांगितलं तर म्हणाले, तुला गाण्यातलं कळत नाही. विषय तिथेच संपला असता, पण दिवाळीला बहीण आणि दाजी आले.

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. औरंगाबादच्या एका कंपनीत इंजिनिअर. त्यांच्याकडे आमच्या आधीपासून स्टिरिओ होता आणि तो आमच्यापेक्षा वरचढ आहे हे ते कधी बोलून दाखवत नसत. फक्त आमच्याकडचं गाणं ऐकताना डोळे बारीक करत. दोन साडू एकत्र आले की काय होतं हे कुठल्याही घरात विचारावं. आमच्याकडे शेतीवरून नाही, नोकरीवरून नाही, आवाजावरून चाले.

त्या दिवाळीत दाजींनी चहा घेतला, कॅसेट अर्धी ऐकली आणि उठून स्पीकरच्या मागे गेले.

"साडूबुवा, ही वायर काय लावलीय? ही तर घंटीची वायर."

"का? आवाज तर येतोय."

"आवाज येतोय हो. पण डाव्याला जायला किती लांबचा रस्ता. एवढ्या बारीक वायरमधून अर्धा आवाज वाटेतच मरतो."

यजमानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू खटल्याचा निकाल लागला. "मी सांगत न्हव्तो? डावी बाजू दबलीय म्हणून!"

खरं म्हणजे दाजींना डावी बाजू दबलेली वाटतच नव्हती. उलट गाणं ऐकताना ते दोनदा म्हणाले होते, "डावीकडं आवाज जास्तच ठेवलाय तुम्ही." यजमानांनी दोन्ही बाजूंचा आवाज कमीजास्त करायचं बटण डावीकडे फिरवून ठेवलेलं असायचं. हे मी पाहत होते, रोज त्या अ‍ॅम्प्लिफायरवरची धूळ पुसत होते, आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. कुणाच्याच आलं नाही. वायर हा शब्द एकदा उच्चारला गेला की माणसांना दुसरं काही दिसत नाही.

पुढच्या खेपेला दाजी येताना जाड केबल घेऊन आले. आत तांब्याच्या तारा, वरून पारदर्शक वेष्टन, बोटाएवढी जाड. किंमत मी विचारली नाही, कारण मला रात्रीचा स्वयंपाक शांतपणे करायचा होता. ती लावताना दाजी म्हणाले, दोन्ही बाजूंची केबल बराबर एकाच लांबीची पाहिजे, नाहीतर एक आवाज आधी पोचतो आणि एक मागून. म्हणजे उजवा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला चिकटून उभा असला तरी त्यालाही डाव्याइतकीच लांब केबल. उरलेली सगळी गुंडाळी करून कपाटामागे टाकली. सासूबाई कुंभार पिंपळगावच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांना हे बघवेना.

"आवं, हितल्या हितं लावायचंय तर एवढं दावं कशाला? म्हशीला बांधायचंय का?"

दोघं साडू गुडघ्यांवर बसून केबलवर छापलेले बाण बघत होते.

"बाणाचं तोंड स्पीकरकडं पाहिजे," दाजी म्हणाले. "करंट त्या दिशेनं गेला तरच आवाज साफ येतो."

आता मात्र माझ्याच्याने राहवेना. "दाजी, स्पीकरला जाणारा करंट एकाच दिशेनं जात न्हाई. सारखा इकडून तिकडं, तिकडून इकडं होतो. मी नववीला शिकवते. मंग बाणाचं त्यानं काय करायचं?"

दाजी हसले. "मास्तरीणबाई, पुस्तकातलं वेगळं आणि कानाचं वेगळं."

त्यावर यजमानांनी मान डोलावली. ज्या माणसाने मला लग्नानंतर पहिल्या वर्षी 'पुरावा असल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही' असं सांगितलं होतं, त्याच माणसाने.

पुढचा काळ आठवला की आजही माझं डोकं तापतं. जाड केबलने महिनाभर समाधान झालं. मग पुन्हा डावी बाजू दबली. मग टोकं कापून, तारा कागदाने घासून पुन्हा लावल्या. मग दुसरी केबल आली. ती जमिनीला टेकता कामा नये, असं कुठूनतरी ऐकून त्यांनी तिच्याखाली लाकडी गुट्टे ठेवले. खोली झाडायची म्हणजे एकेक गुट्टा उचला, झाडा, परत ठेवा. पाहुणे आले की त्यांना दारातच सूचना, "जरा सांभाळून, केबल आहे." आमच्याकडे जनावराच्या औषधासाठी येणारी माणसं साप असल्यासारखी पाय उचलून आत यायची.

आणि परीक्षा माझी. संध्याकाळी शाळेतून येऊन मी चपला काढते न काढते तोच, "अगं, इथं बस. डोळे मीट. आता ऐक." गाण्याची एक ओळ. मग स्पीकरमागे खुडबुड. मग तीच ओळ. "आता?"

"तेच आहे."

"तेच कसं? तंबोरा मोकळा न्हाई झाला?"

"अहो, मला भूक लागलीय."

"दोन मिनिटं. पुन्हा ऐक."

एकदा सासूबाई मधल्या दारात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि लेकाला विचारलं, "तू गानं ऐकाया बसलास का वायर ऐकाया?" मला इतकं हसू आलं की डोळे मिटून बसणं जमेना. यजमान दोन दिवस आमच्या दोघींशी नीट बोलले नाहीत.

आवाजात कधी फरक पडायचाच नाही असं मी म्हणत नाही. संध्याकाळी शेतांवरच्या मोटारी सुरू झाल्या की परतूरला वीज अशी उतरायची की बल्ब पिवळा पडायचा आणि स्टिरिओ घसा बसल्यासारखा व्हायचा. सकाळी वीज चांगली असायची. मग संध्याकाळी केबल बदलायची, सकाळी ऐकायचं, आणि म्हणायचं, "बघ, केबलीनं किती फरक पडला!" मी विजेचं कारण सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा संध्याकाळीच केबल बदलली.

मग उंदराने आपलं काम केलं. आमच्या गल्लीच्या मागेच धान्याची गोदामं, त्यामुळे उंदीर घरचेच. कपाटामागच्या त्या गुंडाळीत एकाने संसार थाटला आणि दोन-तीन ठिकाणी केबल कुरतडून तारा उघड्या पाडल्या. यजमान तेव्हा लसीकरणासाठी जाफराबादकडे गेले होते. मला रविवारी पेपर तपासताना गाणं हवं होतं. मी दोन्ही बाजूंची जाड केबल काढली, माळ्यावरची ती पहिली दुपदरी वायर उतरवली आणि लावली. अर्ध्या तासाचं काम. जाड केबल तिथेच जमिनीवर पडलेली राहिली, कारण माझे पेपर संपायचे होते.

यजमान दुपारी आले, आंघोळ करून थेट खुर्चीत बसले. गाणं चालू होतंच. बराच वेळ ऐकून म्हणाले, "बघ, केबल नवी असली की जरा वेळ लागतो. आता मुरली. डावी बाजू अजून थोडी मागं आहे, पण बाकी किती मोकळं झालंय."

मी लाल पेन खाली ठेवलं. "अहो, तुमच्या पायापाशी काय पडलंय?"

त्यांनी खाली पाहिलं. कुरतडलेली केबल हातात घेतली. मग वर चौकटीकडे पाहिलं, जिथून जुनी वायर गेली होती. मला वाटलं, झालं, सुटलो एकदाचे.

"अस्सं," ते म्हणाले. "म्हणजे जुनी वायरसुद्धा मुरलीय."

मी पेपर उचलले आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. त्या दिवशी माझ्याकडून दोन-चार मुलींना फारच कमी गुण पडले असणार.

याच्यानंतर काही दिवसांनी दाजींचा फोन आला. मुंबईहून कुणी चांदीचा मुलामा दिलेली केबल आणणार होतं. यजमान फोनवर 'हो हो, बिलकुल, सांगा त्यांना' म्हणत होते, आणि मी ठरवलं की हा विषय आता शास्त्राने संपवायचा. भांडून नाही. दोष डाव्या बाजूच्या वायरीत असेल, तर ती वायर उजवीकडे लावल्यावर दोषही उजवीकडे गेला पाहिजे. इतकं साधं. नववीच्या मुलीलाही कळेल.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि ते दवाखान्यात गेल्यावर कामाला लागले. डावी वायर उजवीकडे, उजवी आखूड पडत होती ती तुकडा जोडून डावीकडे. मग म्हटलं, अर्धवट कशाला? स्पीकरही बदलले, पोतं घालून सासूबाईंच्या मदतीने ढकलत नेले. डेकपासून येणाऱ्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे उलट लावल्या. डावीकडे फिरवलेलं ते बटण बरोबर मध्यावर आणलं. जे जे म्हणून डावं होतं ते सगळं उजवं झालं.

ते जेवायला घरी आले तेव्हा मी म्हटलं, "बसा. आज मी परीक्षा घेणार."

ते खुश झाले. बसले, डोळे मिटले. मी कॅसेट लावली.

"डावी बाजू," ते म्हणाले, "आज तर जास्तच दबलीय."

"नक्की डावी?"

"म्हणजे काय? तुला ऐकू येत न्हाई का?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. काय काय बदललं ते एकेक दाखवलं. काल ज्याला ते दबलेलं म्हणत होते तो स्पीकर, ती वायर, सगळं आता उजवीकडे होतं आणि त्यांना खणखणीत ऐकू येत होतं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मंग खोलीचाच दोष असंल. तिकडं दार आहे ना, आवाज बाहेर जातो."

मला खरोखर ओरडावंसं वाटलं. दार! आता दारही बदलायचं! मी रागारागाने म्हणाले, "मंग तुमची खुर्चीच फिरवा. तोंड भिंतीकडं करून बसा आणि सांगा."

मी हे काही विचार करून बोलले नव्हते. पण ते आज्ञाधारकपणे उठले, खुर्ची फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसले. आता दाराकडची बाजू त्यांच्या उजव्या हाताला होती.

गाणं चालू होतं. मग त्यांनी हळूच डावा हात वर केला, प्लगाच्या कोपऱ्याकडे.

"आता ही बाजू," ते म्हणाले.

जेवणाची पानं वाढून सासूबाई दारात आल्या होत्या. यजमानांनी उजव्या कानात बोट घातलं. मान कलती केली. मग बोट काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी पूर्वी असा कधी पाहिला नव्हता.

"कॅसेट बंद केलीस का तू मधे?"

"न्हाई," मी म्हटलं.

माझा राग कुठे गेला कळलं नाही. आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. स्कूटरवर मागे बसून मी त्यांच्या डाव्या बाजूनं बोलायची तेव्हा ते उत्तरच देत नसत; मला वाटायचं मुद्दाम. फोन नेहमी उजव्या कानाला. उजव्या कुशीवर झोपले की दारावरची कडी वाजली तरी उठत नसत आणि मी म्हणायची, सोंग घेतलंय. इतकी वर्षं हा माणूस माझं ऐकत नाही म्हणून मी चिडत होते, आणि त्याला खरंच ऐकू येत नव्हतं.

जालन्याला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आरशाने आत पाहिलं आणि म्हणाले, "पडद्याला चांगलं मोठं छिद्र आहे. जुनं दिसतंय. कधी मार लागला होता?"

"न्हाई," यजमान म्हणाले.

"आठवून बघा. कान वाहतो का?"

"थंडीत वाहतो थोडा. कापूस घालतो मी."

हे मला नवीनच होतं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तेव्हा ते जमिनीकडे बघत म्हणाले, "एकदा टोचताना बैलानं मान झटकली होती. शिंग कानाखाली बसलं होतं. पण त्याला लई दिवस झाले. स्टिरिओ घ्यायच्याही आधी."

"आणि घरी सांगितलं नाही?"

"सांगण्यासारखं काय होतं? सूज दोन दिवसांत उतरली."

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच सुरू झाले. गाय दोन दिवस उशिरा आणली म्हणून शेतकऱ्यांवर ओरडणारे तुम्ही, मुकं जनावर सांगत नाही म्हणून तुमचा जीव तुटतो, आणि तुम्हाला तर तोंड आहे ना? आजूबाजूची माणसं बघायला लागली. बसस्टँडपाशी आल्यावर यजमान म्हणाले, "तू या बाजूनं बोलतेस, मला निम्मंच कळून राह्यलं." मी उजव्या बाजूला गेले आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

ऑपरेशन औरंगाबादला झालं. पडदा नवीन बसवतात, कानामागचा पातळ पापुद्रा घेऊन. आम्ही बहिणीकडेच उतरलो होतो. दाजी रोज दवाखान्यात यायचे, डबा आणायचे आणि कॉटच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसायचे. मग एकदा मला व्हरांड्यात म्हणाले, "मास्तरीणबाई, मी साडूबुवांना उगीच त्या वायरीच्या नादी लावलं. तेव्हाच ध्यानात यायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "दाजी, तुमच्या नाही तर दुसऱ्या कुणाच्या नादी लागले असते." बोलले खरी, पण त्यांना तसं वाटलं याचं मला बरं वाटलं. आधी ध्यानात आलं नाही याचं ओझं एकटीने वाहून मी कंटाळले होते.

कान एका दिवसात सुधारला नाही. बरेच महिने गेले. तपासणीसाठी पुन्हा पुन्हा औरंगाबादला जावं लागलं. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखा नाही, पण पुष्कळ आलाय. आम्ही बहिणीकडे जेवलो आणि दुपारच्या गाडीने परतूरला निघालो. डब्यात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की यजमानांच्या मांडीवर एक खोकं आहे. तपकिरी कागदात गुंडाळलेलं.

"हे काय?"

"दाजींनी दिलंय. चांदीची. त्यांच्याकडं पडून होती म्हणे."

मी खिडकीकडे होते, त्यांच्या डाव्या बाजूला. गाडीने वेग घेतला होता, रुळांचा खडखडाट चालू होता, समोरच्या बाकावर कुणी मोठ्याने कापसाच्या भावाचं बोलत होतं. मी बाहेरच बघत, स्वतःशी पुटपुटावं तसं म्हणाले, "फेकून देईन मी हे खिडकीतून."

"दे फेकून," यजमान म्हणाले. "पण एकदा लावून तर बघू."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या ध्यानातही नव्हतं काय झालं ते. ते खोक्याची दोरी सोडवत होते.

घरी आल्यावर ती केबल लावली. लांबी दोन्हीकडे सारखी, बाण स्पीकरकडे. मला काही फरक कळला नाही. त्यांना कळला म्हणे.